कूलर चालू, पण खोली तापलेलीच: जोधपूरच्या उन्हाळ्यातला नेहमीचा बिघाड

आधी लक्षणं बघा. तुमच्याकडे यांतलं नेमकं काय होतंय, त्यावर पुढे कुठे हात घालायचा ते ठरतं.

- हवा जोरात येते, पण कोमट असते.
- कूलरसमोर गार वाटतं, पण चार हात लांब गेलं की अंग चिकचिकतं, चादर दमट लागते.
- सकाळी अकरापर्यंत छान, दुपारी दोननंतर काहीच उपयोग नाही.
- ताटीचा (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या पॅडचा) अर्धा भाग ओला, अर्धा कोरडा ठणठणीत.
- हवेला कुबट वास, किंवा हवेबरोबर पाण्याचे तुषार.
- पंखा हळू फिरतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि सुरूच होत नाही.
- कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं नंतर वाचा. आत्ता घरातला मेन स्विच पाडा, मग कूलरचा प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत त्या कूलरला कुणालाही हात लावू देऊ नका.

मी मूळची अकोल्याची. कूलर म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत. मार्च संपता संपता बाबा गच्चीवरून कूलर उतरवायचे, नव्या ताट्या लावायचे, आणि पहिल्या दिवशी ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरायचा. लग्नानंतर जोधपूरला आले, त्याला आता सोळा उन्हाळे झाले. इथला उन्हाळा आमच्या वऱ्हाडापेक्षा कोरडा, लांब आणि धुळीचा. फलोदी इथून दोन-अडीच तासांवर. तिथे १९ मे २०१६ला ५१ अंश नोंदले गेले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत एकाही घरातलं कुणी नीट झोपलं नव्हतं. या सोळा वर्षांत मी आमचा कूलर, शेजाऱ्यांचे कूलर, खालच्या मजल्यावरच्या दादीसांचा (आजींचा) कूलर इतक्या वेळा उघडलाय की एक गोष्ट पक्की कळली: बहुतेक वेळा कूलर बिघडलेलाच नसतो. त्याची हवा अडलेली असते, नाहीतर पाणी.

कूलर करतो काय, हे एकदा समजून घ्या

माठ आठवा. माठ पाझरतो, वरचं पाणी वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. माठाची छिद्रं क्षारांनी बुजली की तो पाझरायचा थांबतो आणि पाणी गार होत नाही. कूलर हा पंखा लावलेला माठच आहे. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येते, तिच्यामुळे पाण्याची वाफ होते आणि त्या बदल्यात हवेतली उष्णता निघून जाते.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो बर्फ वितळायला लागते ३३४. म्हणून टंकीत बर्फाची लादी टाकणाऱ्यांना मी दरवर्षी सांगते की पैसे वाया घालवू नका. वाफ होणाऱ्या एका लिटर साध्या पाण्याचं काम करायला सात किलो बर्फ लागेल. तसंच उलटंही खरं आहे. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून चटका बसेल असं पाणी येतं, ते कूलरमध्ये सोडायला लोक घाबरतात. बिनधास्त सोडा. ताटीवरून फिरता फिरता थोड्या वेळात ते आपोआप गार होतं.

यातून एक मर्यादाही निघते. हवा जितकी कोरडी, तितका कूलर चांगला. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या कूलरमधून २६-२७ अंशांची हवा मिळायला हवी. मिळत नसेल तर दोष शोधण्यात अर्थ आहे. पण जुलैत ढग भरून आले, बाहेर ३७ आणि आर्द्रता ६० टक्के झाली, तर नवाकोरा कूलरही ३१-३२च्या खाली नेणार नाही. त्या दिवशी कूलर उघडून बसू नका.

आज कुठला दिवस आहे हे घरच्या घरी कळतं. भिंतीवर लावायचा काचेच्या नळीचा साधा थर्मामीटर घ्या (ताप मोजायचा नव्हे). खालच्या फुग्याला सुती धोतराची चिंधी गुंडाळा, भिजवा आणि बाहेर सावलीत टेबल फॅनसमोर दहा मिनिटं धरा. आकडा खाली खाली येत जिथे थांबेल, त्याच्या खाली कोणताही कूलर जाऊ शकत नाही. आता चिंधी काढून तोच थर्मामीटर कोरडा करून कूलरच्या तोंडाशी धरा. दोन आकड्यांत चार-पाच अंशांचा फरक असेल तर कूलर ठणठणीत आहे, दोष खोलीत आहे. फरक आठ-दहा अंशांचा असेल तर दोष कूलरमध्ये आहे. मी कुणाकडेही गेले की आधी हे करते. अर्धा तास वाचतो.

पहिली तपासणी: समोरची खिडकी उघडा

खर्च शून्य. आणि मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष हाच.

एसीची सवय झालेली माणसं कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करतात. कूलर एसीसारखा तीच हवा फिरवत नाही, तो सतत बाहेरची हवा आत ढकलतो. आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर खोली फुग्यासारखी भरते, नवी हवा येईनाशी होते आणि आतली ओल वाढत जाते. चादर दमट लागते ती यामुळेच. लोक म्हणतात, ‘लू (उन्हाचा गरम वारा) आत येईल.’ येत नाही. कूलर जोरात असेल तर हवा खिडकीतून बाहेरच जाते.

खात्री करायची तर ओढणीचं टोक किंवा उदबत्ती उघड्या खिडकीपाशी धरा. धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. जागचा हलत नसेल तर खिडकी आणखी उघडा. आत येत असेल तर ती खिडकी वाऱ्याच्या तोंडाची आहे. ती बंद करून दुसऱ्या बाजूची उघडा. खिडकी कूलरच्या समोरच्या किंवा तिरक्या कोपऱ्यातली हवी. कूलरच्या शेजारचीच खिडकी उघडली तर गार हवा दोन हातांवरूनच निघून जाते आणि पलंगापर्यंत पोचत नाही.

हवा जिथून बाहेर जाईल तिथे गारवा जातो, हेही यातून वापरता येतं. रात्री फक्त झोपायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, हॉलमधला कूलर तिथपर्यंत हवा पोचवेल.

दुसरी: कूलर श्वास कुठून घेतो

कूलरच्या तिन्ही बाजूच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. जागा नाही म्हणून खोलीच्या आतच कूलर ठेवला, तर तो स्वतः ओली केलेलीच हवा पुन्हा ओढतो आणि तासाभरात निकामी होतो. आतच ठेवायचा तर निदान त्याची पाठ उघड्या खिडकीला लावा.

बाहेर लावलेला असेल तर पाठीमागे भिंत, वाळत घातलेल्या रजया किंवा एसीचं बाहेरचं युनिट आहे का ते पाहा. एका घरी तिसऱ्या मजल्यावर पत्र्याच्या छपराला लागून कूलर होता. दुपारी तापलेल्या पत्र्यावरची हवा तो ओढत होता. ‘दोननंतर काहीच उपयोग नाही’ ही त्यांची तक्रार, आणि कारण हे. कूलर दुसऱ्या खिडकीला हलवला, एक पैसा लागला नाही.

पश्चिमेचं ऊन थेट ताटीवर येत असेल तर वरून हिरवी जाळी किंवा तागाचा पडदा बांधा, पण ताटीपासून हात-दीड हात लांब. ताटीला चिकटवून बांधलेला पडदा सावली देतो आणि हवा अडवतो.

तिसरी: ताटी सगळीकडून भिजते का

यासाठी वेळ द्या, कारण खरे दोष इथे आहेत.

पंखा बंद करून फक्त पंप चालू ठेवा. पाच मिनिटांनी प्रत्येक ताटी बाहेरून बघा. वरपासून खालपर्यंत एकसारखा गडद रंग दिसला पाहिजे. फिकट पट्टा दिसला तर तिथून कोरडी गरम हवा सरळ आत येतेय, आणि हवा नेहमी सोपा रस्ता धरते. ओल्या भागातून अडखळत जाण्यापेक्षा ती कोरड्या फटीतून जास्त जाते. म्हणून ताटीचा चौथा हिस्सा कोरडा असला तरी गारव्याचं नुकसान चौथ्या हिश्शाहून जास्त होतं.

कोरडा पट्टा का पडतो, याची कारणं मी याच क्रमाने बघते.

पाणी. टंकीत पंप बुडण्याइतकं पाणी आहे का? मोठा कूलर भर दुपारी तासाला पंधरा लिटरच्या आसपास पाणी खातो. चाळीस लिटरची टंकी सकाळी दहाला भरली तर एक वाजता पंप हवा ओढायला लागतो. पंप कोरडा फिरला की जळतो, म्हणजे आणखी खर्च. फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी उतरलं की आपोआप भरणारा नळ) बसवून घ्या. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे आणि आयुष्यभराची कटकट जाते.

कूलर वाकडा. लोखंडी स्टँडचा एक पाय खचला की पाणी एकाच बाजूला वाहतं. अर्धी भरलेली पाण्याची बाटली कूलरच्या माथ्यावर आडवी ठेवा, तिरपेपण लगेच दिसतं. पायाखाली फरशीचा तुकडा घातला की झालं.

वरच्या पन्हळीची भोकं. पंपाचं पाणी वरच्या नळीतून किंवा पन्हळीतून थेंब थेंब ताटीवर पडतं. ती भोकं क्षाराने आणि आंधीच्या (धुळीच्या वादळाच्या) मातीने बुजतात. प्लग काढा, वरचं झाकण उघडा आणि दाभणाने एकेक भोक मोकळं करा. मी गोधडीचं दाभण कूलरच्या खिळ्यालाच टांगून ठेवलंय. आंधी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी हे काम ठरलेलं.

पंपाची जाळी. पंप उलटा करा, खालची जाळी काढा. वाळ्याच्या काड्या, शेवाळ, कधी मेलेली पाल. साफ करून पुन्हा लावा. तरी पाणी वर चढत नसेल तर नळी कुठे मुरगळली आहे का ते पाहा, आणि तीही ठीक असेल तर पंप बदला. छोटा पंप उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. तो पाण्यात बुडून चालतो. त्याचं सील एकदा उघडलं की वीज पाण्यात उतरायचा धोका राहतो.

चौथी: ताटी जिवंत आहे का

ताटी पूर्ण भिजते आणि तरी हवा कोमट, तेव्हा ताटीच्या आतला रस्ता बुजलेला असतो. ताटी वाळू द्या आणि कडेला अंगठ्याने दाबा. कुरकुर आवाज आला, पांढरी भुकटी सांडली, तर तो क्षार. उजेडासमोर धरा, उजेड दिसत नसेल तर हवाही जात नाही.

जोधपूरला हे पाण्यामुळे होतं, आणि पाण्याची गोष्ट कळल्याशिवाय इथला कूलर कळत नाही. शहराचं पिण्याचं पाणी इंदिरा गांधी कालव्यातून राजीव गांधी लिफ्ट कॅनॉलने येतं. उन्हाळ्याच्या तोंडावर देखभालीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला इथे ‘नहरबंदी’ म्हणतात. त्या दिवसांत पाणी दिवसाआड, कधी त्याहून कमी. मग टँकर, आणि टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं, खारं. नेमकं कूलर सुरू होण्याच्या काळात.

वाफ होताना पाणी जातं, क्षार मागेच राहतात. हिशोब करून बघा: लिटरमागे दीड ग्रॅम क्षार असलेलं पाणी, दिवसाला १२० लिटर वाफ. म्हणजे एका दिवसात १८० ग्रॅम क्षार तुमच्या टंकीत आणि ताटीत साचले. आठ दिवसांत जवळजवळ दीड किलो. मला हा हिशोब कळला तेव्हा ताट्या एका महिन्यात दगड का होतात याचं उत्तर मिळालं.

उपाय एकच: टंकीतलं पाणी नुसतं वर वर भरत राहू नका, अधूनमधून सगळं सोडून द्या. नहरेचं पाणी असेल तर आठवड्यातून एकदा, टँकरचं असेल तर एक दिवसाआड. पाणी टाकायला जीव होत नाही, माझाही होत नव्हता. ते बादलीत काढून फरशी पुसायला आणि संडासाला वापरा. तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका, खाऱ्या पाण्याने झाड जळतं.

वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या दर हंगामाला नव्या घ्या. त्या धुऊन परत येत नाहीत. मधमाशीच्या पोळ्यासारख्या कागदी पॅडना आणखी संधी असते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात थोडं लिंबूसत्व विरघळवा, पॅड अर्धा तास बुडवा आणि नळाच्या हलक्या धारेने धुवा. ब्रशने घासू नका, कडा चुरतात. हे कूलरच्या टंकीत करू नका, लोखंडी पत्रा गंजतो. लिंबूसत्वात ब्लीचिंग पावडर तर कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

कुबट वास येत असेल तर त्याचंही मूळ इथेच, साचलेल्या पाण्यात आणि शेवाळात. कूलर बंद करण्याआधी पंप बंद करून पंखा अर्धा तास चालवला की ताट्या वाळतात आणि वास राहत नाही. डेंग्यूचे डास कूलरच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात, आणि ती अंडी टंकीच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही तग धरतात. म्हणून आठवड्याला पाणी सोडाल तेव्हा टंकीच्या कडा काथ्याने खसखसून घासा. नुसतं पाणी बदलून डास जात नाहीत.

तुषार उडत असतील तर ताटी चौकटीत नीट बसलेली नाही किंवा पाणी जास्त पडतंय. पंपाच्या नळीवरचा चिमटा थोडा आवळा.

पाचवी: पंखा

पाती धुळीने जाड झाली असतील तर प्लग काढून ओल्या फडक्याने पुसा. धुळीचा थर पातीचा आकार बदलतो, हवा कमी येते आणि मोटर थरथरते.

दुपारी पंखा हळू आणि रात्री बारानंतर जोरात, असं होत असेल तर दोष मोटरचा नाही, व्होल्टेजचा आहे. मे महिन्यात सगळ्या गल्लीचे एसी एकदम चालतात. दिवेही मंद होतात का ते पाहा. होत असतील तर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. मोटर बदलून काही होणार नाही.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने फिरवला की चालतो: कंडेन्सर (मोटर सुरू करून देणारा डबीसारखा भाग) गेला. भाग स्वस्त असतो, आणि म्हणूनच पुष्कळ जण तो स्वतः बदलायला जातात. माझं सांगणं असं की विजेचं काम शिकलेले नसाल तर इथे थांबा. कंडेन्सर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. आणि पंख्याला काठीने ढोसून सुरू करणं बंद करा. अडून राहिलेली मोटर तापते आणि वाइंडिंग जळतं. इलेक्ट्रिशियनला बोलवाल तेव्हा जुन्या कंडेन्सरवर जितके मायक्रोफॅरड (त्याच्या क्षमतेचं माप) लिहिलेत तितक्याचाच बसवायला सांगा. एकदा आमच्याकडे ‘मोठा लावतो, हवा जास्त येईल’ म्हणून जास्तीचा बसवला गेला. पंधरा दिवसांत मोटर जळली.

सहावी: दोष घरातच असेल तर

थर्मामीटरच्या परीक्षेत कूलर पास झाला, खिडकीही बरोबर आहे, तरी खोली तापलेली. रात्री दहाला पलंगावर उभं राहून छताला हात लावा. तव्यासारखं लागलं तर तुमचा कूलर दिवसभर छताशी लढतोय. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक भाडेकरूची ही गत असते.

जोधपूरच्या जुन्या शहरात, ब्रह्मपुरीच्या गल्ल्यांत, जाड दगडी भिंती आणि एकमेकांवर सावली धरणारी घरं आहेत. तिथे खालच्या खोलीत मे महिन्यातही बसवतं. आपण राहतो त्या नव्या वस्त्यांतल्या स्लॅबला तो आधार नाही. गच्चीवर मार्चमध्येच पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घ्या. चुना ऊन परतवतो आणि स्लॅबमध्ये मुरू देत नाही. त्यावर हिरवी जाळी दोन-तीन हात उंच बांधता आली तर आणखी चांगलं. गच्चीवर पाणी शिंपडण्याची जुनी रीत गुणाची आहे, पण नहरबंदीत ते पाणी आणायचं कुठून?

वाळवंटाचा एक मोठा गुण मात्र वापरा. इथली रात्र उतरते. मध्यरात्रीनंतर सगळ्या खिडक्या उघडून कूलरचा नुसता पंखा पहाटेपर्यंत चालवा, भिंती गार होऊ द्या. सकाळी आठच्या आत उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे बंद, हवा जायची तेवढी एकच उघडी. अकोल्याहून आई आली होती तेव्हा तिने पहिल्या आठवड्यात दुपारी सगळी खिडकी-दारं सताड उघडली, ‘वारं येऊ दे’ म्हणून. इथलं दुपारचं वारं येऊ द्यायचं नसतं. फक्त ताटीतून, ओलं होऊन.

आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी एकाच खोलीत एसी आणि कूलर एकदम चालवू नयेत. कूलरने घातलेली ओल काढण्यातच एसीची वीज जाते. पाऊसकाळात पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. त्यात लहान मुलं असतात, टंकीत पाणी भरायला गेलेल्या बायका असतात. मी अकोल्यात असताना आमच्याच आळीत एक मुलगा गेला. म्हणून हा भाग कुणी वरवर वाचू नये.

लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत. पाणी भरतानासुद्धा प्लग काढायचा. फक्त स्विच बंद करून भागत नाही, कारण वायरिंग उलटं असेल तर स्विच न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तोडतो आणि फेज (वीज आणणारी तार) कूलरमध्ये तशीच राहते. रबरी चप्पल घातली म्हणून सुरक्षित आहोत असं समजू नका.

खालचं काहीही दिसलं तर स्वतः हात लावू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा: पत्र्याला झिणझिण्या, जळका वास, प्लग किंवा वायर गरम होणं, कूलर लावला की एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) पडणं, मोटरच्या वायरवर पाणी ठिबकणं, दोन पिनांचा प्लग म्हणजे अर्थिंगच नसणं. तो आला की त्याच्याकडून अर्थिंग मोजून घ्या आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. कूलर भाड्याचा असेल तर हे मालकाला सांगून करून घ्या आणि होईपर्यंत तो लावू नका.

आणि एक वेळ अशी येते की कूलरचा विचारच सोडायचा असतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात खालच्या दादीसांचा पंप दुपारी बंद पडला. त्यांना कळलं नाही, पंखा चालू होता. ४० अंशांच्या वर नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो, गारवा देत नाही. चारला मी डबा द्यायला गेले तर त्या मला माझ्या नावाऐवजी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. अंग भट्टीसारखं, जीभ कोरडी. मी कूलरकडे पाहिलंही नाही. १०८ला फोन केला, त्यांना ओल्या चादरीत घेतलं, मानेला-काखेत ओली फडकी ठेवली आणि टेबल फॅन लावला. त्या चार दिवसांनी घरी आल्या.

बरळणं, चक्कर येऊन पडणं, झटके, अंग चटका बसेल इतकं तापणं: यांतलं एकही दिसलं तर तो उष्माघात धरा आणि १०८ लावा. गाडी येईपर्यंत पाण्याने आणि वाऱ्याने अंग गार करत राहा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बायका आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांच्या बाबतीत वाट बघण्यात वेळ दवडू नका. त्यांच्या खोलीतला कूलर बंद पडला आणि तासाभरात सुरू होण्यासारखा नसेल, तर दुरुस्ती नंतर; आधी माणसाला शेजारच्या गार खोलीत हलवा.

दादीसांच्या कूलरला आता फ्लोट व्हॉल्व्ह आहे, आणि पंपाच्या नळीवर मी लाल लोकरीचा धागा बांधलाय. ताटीवर पाणी पडत असलं की तो भिजून लोंबतो, वाळला की हवेबरोबर फडफडतो. त्यांना पलंगावरून दिसतो. फडफडताना दिसला की त्या जिन्यातून हाक मारतात.